वाचकांचे प्रश्न : पाणबुडीचं तंत्रज्ञान ‘मिळालं’ म्हणजे नक्की काय मिळालं?

गेल्या अंकात वालचंदनगरवर लिहिताना मी शेवटी चार ओळी नौदलाच्या गिअरबॉक्सवर टाकल्या होत्या, की साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या, इंदापूर तालुक्यातल्या त्या गावातले हात अणुपाणबुडीच्या कामापर्यंत पोचले. त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले तेवढे मूळ लेखावरसुद्धा आले नाहीत. त्यातले सहा प्रश्न आज घेतो, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं ही विनंती.

प्रश्न : १९८० च्या दशकात पेपरात वाचलं होतं की जर्मनांकडून पाणबुडीचं तंत्रज्ञान घेतलं, आता मुंबईत बनणार. मग २००५ ला तेच फ्रान्सकडून घेतलं. आता म्हणे परत जर्मनांशी बोलणी. एकच गोष्ट आपण तीनदा विकत घेतो का? की देणारेच आपल्याला फसवतात? — निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

साहेब, तुमचा राग मला पटतो, पण तो जर्मन-फ्रेंचांवर काढायच्या आधी तारखा एकदा ओळीने लावून बघू.

डिसेंबर १९८१ मध्ये आपण जर्मनीतल्या कीलच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार केला, ४ बोटींचा (पाणबुडीला नौदलात बोटच म्हणतात, मीही तेच म्हणतो). पहिल्या २, शिशुमार आणि शंकुश, तिकडेच बांधल्या आणि १९८६ मध्ये आपल्या नौदलात आल्या. माझगाव डॉक या मुंबईच्या सरकारी जहाजबांधणी कारखान्याची माणसं कीलला जाऊन शिकली आणि पुढच्या २ बोटी मुंबईत बांधल्या, शाल्की १९९२ च्या फेब्रुवारीत नौदलात आली, शंकुल १९९४ च्या मे महिन्यात. शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आणि ती पहिली होती म्हणून लागलेला वेळ मी तरी माफ करतो. आणखी २ बोटी बांधायचा पर्याय होता, पण १९८७ मध्ये या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि ते सगळं बारगळलं. शंकुल बाहेर पडली आणि मागे शॉप रिकामं.

आता पुढची तारीख बघा. फ्रेंच स्कॉर्पीनचा ६ बोटींचा करार ऑक्टोबर २००५, त्यातल्या पहिल्या बोटीचं स्टील कापलं डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे मध्ये १२ वर्षं मुंबईत एकाही नव्या पाणबुडीवर वेल्डिंगचा आर्क पेटला नाही. जुन्या बोटींच्या रिफिटची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, कामं झाली, ती महत्त्वाचीच, पण नवा हल, म्हणजे बोटीचं पोलादी कवच, उभा करणं हे वेगळं काम आहे. ती पहिली बोट, कलवरी, ठरली होती २०१२ ला आणि नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. शंकुल ते कलवरी २३ वर्षं. १९८४ मध्ये जो पोरगा पंचविशीत कीलचं शिक्षण घेऊन शाल्कीवर लागला असेल तो कलवरीच्या वेळी ५८ वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

हे मी आकडे खेळायला म्हणून सांगत नाहीये. हे हात कसे असतात ते ज्यांनी फॅब्रिकेशन शॉपमध्ये दिवस काढलेत त्यांना माहितीये. पाणबुडीचा आतला हल, ज्याला प्रेशर हल म्हणतात, तो जाड आणि खूप ताकदीच्या स्टीलच्या गोल रिंगा जोडून बनतो. ३०० मीटर खोलीवर पाणी त्याच्या दर चौरस मीटरवर साधारण ३०० टनांनी दाबतं, आणि रिंग थोडी जरी लंबगोल राहिली तरी ती तिथूनच आत दुमडायला बघते, म्हणून गोलाई मिलिमीटरात सांभाळायची आणि त्यावर वेल्डिंग करायचं, जे स्वतःच धातू ओढतं. शिवाय असलं स्टील हायड्रोजनला घाबरतं. मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा वेल्डिंग रॉडच्या लेपात शिरते, आर्कमध्ये तिचा हायड्रोजन होतो, तो वितळलेल्या धातूत विरघळतो, आणि जोड वरून देखणा दिसत असताना काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतल्या आत केसाएवढा तडा जातो. म्हणून रॉड भट्टीत भाजायचे, गरम डब्यातून वेल्डरने जवळ बाळगायचे, प्लेट आधी तापवायची, वेल्डिंगचा पुढचा थर कधी मारायचा ते तापमान बघून ठरवायचं आणि अल्ट्रासॉनिक, एक्स-रे लगेच न करता थांबून करायचं. हे सगळं पुस्तकात आहे. पण बोटीच्या आत, फ्रेमच्या बेचक्यात आडवं पडून, डोक्यावर तापलेली प्लेट असताना हात स्थिर ठेवणं पुस्तकात नाही, ते वेल्डर रोज करतो तेव्हाच टिकतं, वर्षभर केलं नाही तर त्याला परत टेस्ट पीस करून पास व्हावं लागतं. बारा वर्षांनी तर माणूसच तिथे नसतो.

पुण्यात बसून याचं उलटं उदाहरण आपण रोज रस्त्यावर बघतो. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला, ट्रकवर मर्सिडीजचा तारा असायचा. करार १९६९ ला संपणार हे सगळ्यांना माहिती होतं. टेल्को चालवणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी त्याच्या ३ वर्षं आधी, १९६६ मध्ये, पुण्यात संशोधन केंद्र काढलं आणि पिंपरीच्या कारखान्यात आधी ट्रक न बनवता मशीन टूल, डाय आणि माणसं घडवायला घेतली. पुण्यातून पहिला ट्रक निघाला १९७७ ला. तोपर्यंत लोक विचारत असतील की हे करतायत काय. पण १९८६ मध्ये जेव्हा जपानी कंपन्यांशी करार केलेले ४ नवे छोटे ट्रक बाजारात होते तेव्हा पुण्यातल्या पोरांनी स्वतः डिझाइन केलेला ४०७ हा छोटा ट्रक उतरला आणि टिकला, आजही मंडईत भाजी त्यातूनच येते. करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही काम चालू होतं, हा त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा.

पाणबुडीत हे दक्षिण कोरियाने केलं. त्यांनी त्याच कीलच्या कंपनीशी करार केला १९८७ मध्ये, म्हणजे आपल्या ६ वर्षं नंतर, आणि बोटही आपल्याच घराण्यातली, टाइप २०९. पहिली जर्मनीत बांधली, पुढच्या ८ घरी. त्या संपत येतायत तोवर पुढच्या पिढीची टाइप २१४ घेतली, त्याच्या ९ बोटी सगळ्या कोरियात. मधेच २०११ मध्ये इंडोनेशियाला ३ बोटी विकायचा करार केला आणि त्यातल्या तिसरीची जोडणी इंडोनेशियाच्या सुराबाया बंदरात करून दिली, म्हणजे शिकणारा शिकवणारा झाला. आणि २०२१ ला स्वतःच्या डिझाइनची ३,००० टनी बोट नौदलात घेतली. आपल्याकडे हुशार वेल्डर नव्हते का? होते. आपल्याकडे पाचवी बोट नव्हती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की हल बांधायची विद्या आपण दोनदा विकत घेतली कारण पहिल्यांदा घेतलेली आपणच वाऱ्यावर सोडली. देणारे काही धर्मादाय करत नाहीत, ते हात राखूनच देतात, त्यावर पुढच्या प्रश्नात लिहितो. पण त्यांनी दिलेलं सांभाळायची जबाबदारी त्यांची नव्हती.

आणि मला आज झोप लागत नाही ती जुन्या गोष्टीमुळे नाही. कलवरी वर्गातली सहावी बोट वागशीर १५ जानेवारी २०२५ ला नौदलात आली, छानच झालं, पण ती पाण्यात उतरली होती एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे तिच्या हलचं वेल्डिंग त्याच्याही आधी संपलेलं. आणखी ३ स्कॉर्पीनला जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. नव्या ६ बोटींच्या प्रोजेक्ट ७५-आयची निविदा निघाली जुलै २०२१ मध्ये आणि माझगाव डॉक व जर्मन कंपनी यांच्याशी किमतीची बोलणी सुरू व्हायला २०२५ उजाडलं. हल शॉपमधल्या वेल्डरने मधली वर्षं काय करायचं? हा प्रश्न कुठल्याही चर्चेत मला ऐकू येत नाही, सगळे जर्मन चांगले की फ्रेंच यावर भांडतात.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. करारात टेक्नॉलॉजी ट्रान्सफर लिहिलेलं असतं म्हणजे सगळी ड्रॉइंग मिळत असतील ना? मग त्यात थोडे बदल करून आपण आपली पाणबुडी का काढत नाही? — विद्यार्थी, कर्वेनगर

तुझ्या वयात मलाही असंच वाटायचं, म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकात मी भोसरीच्या एका कारखान्यात होतो, आमचा एका युरोपियन कंपनीशी गिअरबॉक्सचा करार होता. ड्रॉइंगचे रोल पेटीतून आले, सगळ्यांनी हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एका वेल्डेड केसिंगच्या ड्रॉइंगवर लिहिलं होतं की रफ मशीनिंग झाल्यावर भट्टीत घालून स्ट्रेस काढा आणि मगच फिनिश करा. भट्टी बुक होती, डिस्पॅच महिनाअखेरीला होता, आम्ही बोअर (बेअरिंग बसायची भोकं) मोजले, सगळे ठरलेल्या मापात, तर ती पायरी गाळली. सहा महिन्यांत ग्राहकाकडून तक्रार, बोअर लंबगोल झालेले, बेअरिंग गेलेलं. वेल्डिंगचा ताण हळूहळू सुटत गेला आणि त्याने केसिंग वाकवलं. आम्ही तिकडे सविस्तर पत्र लिहिलं की या पायरीचं तापमान आणि वेळ तुम्ही कसं ठरवलंत ते सांगा. एका ओळीचं उत्तर आलं, ड्रॉइंगप्रमाणे करावे.

त्यांनी करार मोडला नव्हता. करारात ‘कसं’ विकलं होतं, ‘का’ विकलेलं नव्हतं. करार संपल्यावर आम्हाला थोडं मोठं केसिंग हवं होतं तर भट्टीत किती वेळ ठेवायचं हे सांगणारं कोणी नव्हतं, दोन वर्षं आणि बरेच तुकडे वाया घालवून आम्ही ते स्वतः शोधलं, आणि खरं सांगतो, त्या दोन वर्षांत जे शिकलो ते त्या पेटीभर ड्रॉइंगमधून शिकलो नाही.

पाणबुडीत हा ‘का’ किती खोल असतो त्याचं एक उदाहरण देतो. पाण्याखाली बोटीचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन जुळलं पाहिजे, आर्किमिडीजचा आठवीतला धडा. त्यामुळे बोट बांधताना आत जाणारी प्रत्येक गोष्ट वजन करून जाते, पंप, केबल, रंगसुद्धा. कलवरी वर्गाच्या एका बोटीत साधारण ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाइप आहे, त्यात प्रत्येक सप्लायरने थोडं थोडं जड दिलं तर काय होईल विचार कर. स्पेनने हे भोगलंय. स्कॉर्पीन बांधण्यात स्पेन फ्रान्सचा भागीदार होता, म्हणजे त्यांनी नुसती ड्रॉइंग पाहिली नव्हती, बोटी बांधल्या होत्या. मग वेगळं होऊन स्वतःची एस-८० काढायला घेतली आणि २०१३ मध्ये कळलं की बोट ७५ टनांहून जास्त जड झालीये, म्हणजे खाली गेली तर वर येईल याची खात्री नाही. शेवटी ‘इलेक्ट्रिक बोट’ नावाच्या अमेरिकन कंपनीची मदत घेऊन हल जवळपास १० मीटर लांब करावा लागला आणि पहिली बोट स्पॅनिश नौदलाला मिळाली २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. ‘थोडे बदल करून’ असं तू लिहिलंयस ना, तो थोडा बदल हा असा असतो, एक गोष्ट हलवली की वजन हलतं, वजन हलल्यावर तोल, मग बॅलास्ट टाक्या (पाणी भरून-काढून बोट खाली-वर करणाऱ्या), मग लांबी, मग वेग आणि आवाज.

पण निराश होऊ नकोस, कारण आपल्याकडे ‘का’ तयार होतोय आणि त्यातला थोडा पुण्यात झालाय. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला वरचेवर पृष्ठभागाजवळ येऊन नळी बाहेर काढावी लागते आणि तेव्हाच ती सापडते. हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा, ज्याला एआयपी म्हणतात, ती असली की बोट दोन-तीन दिवसांऐवजी एक-दोन आठवडे खाली राहू शकते. अंबरनाथच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने फॉस्फोरिक ॲसिडच्या फ्युएल सेलवर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारा सेल) चालणारी अशी यंत्रणा बनवली, लागणारा हायड्रोजन टाकीत साठवून न नेता बोटीतच तयार करतात, आणि यात उद्योगातले भागीदार होते एल अँड टी आणि आपल्या पुण्याची थरमॅक्स. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी पास झाली. डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला, ही यंत्रणा असलेला हलचा नवा तुकडा बनवायचा आणि कलवरी वर्गाच्या बोटीत बसवायचा. म्हणजे चालू बोट मधोमध कापून त्यात एक तुकडा घालून परत जोडायची. हे काम जी मुलं करतील त्यांना आयुष्यभर पुरेल एवढा ‘का’ मिळेल. एवढ्यासाठी तरी ते वेळेत व्हावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : माझं भोसरीत २ सीएनसी आणि ४ साध्या लेथचं वर्कशॉप आहे, १४ माणसं. ऑटोचं काम कमी-जास्त होतं. पाणबुडीचं काम आमच्यासारख्याला मिळतं का, का सगळं मोठ्या लोकांचं आहे? — वर्कशॉप मालक, भोसरी

मिळतं, पण आधी एक गोष्ट कानात सांगतो, या कामासाठी कर्ज काढून मशीन घेऊ नका. ऑटोमध्ये तुम्ही महिन्याला ५ हजार पीस देता, इथे ६ बोटींसाठी एका वस्तूचे २०-३० पीस आणि मध्ये वर्षभर शांतता असं होऊ शकतं. तुमच्या एकूण धंद्यातला दहा-पंधरा टक्के हिस्सा म्हणून याच्याकडे बघा.

तुमच्यासारख्याला जमणारी कामं म्हणजे फ्लँज, व्हॉल्व्हचे पार्ट, पाइप क्लॅम्प, केबल ग्लँड, ब्रॅकेट. मशीनिंगमध्ये तुम्ही कमी पडणार नाही, तुम्ही कमी पडाल कागदात. कुठल्या बारमधून कुठला पीस निघाला हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे, बार कापला की हीट नंबर (स्टीलच्या ज्या घाणीतून तो बार आला तिचा नंबर) दुसऱ्या तुकड्यावर लगेच पंच करायचा, इन्स्पेक्टरसमोर करायचा असेल तर त्याची वाट बघायची, आणि बिननंबरचा तुकडा कितीही चांगला असला तरी तो भंगार. आमच्या ओळखीत एकाचा अख्खा लॉट असा रिजेक्ट झाला, माल उत्तम होता, फक्त दोन बार रॅकवर मिसळले होते. गेज आणि मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून करून ठेवा आणि आयएसओ ९००१ नसेल तर घ्या, शॉपमध्ये प्रत्यक्ष पाळायला घ्या, भिंतीवर लावायला नको.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), मग माझगाव डॉकची व्हेंडर नोंदणी. सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असा नियम आहे, तो तुमच्या बाजूचा आहे. संरक्षण खात्याचं सृजन पोर्टल २०२० पासून आहे, त्यावर आजवर परदेशातून आणलेल्या वस्तू टाकलेल्या असतात आणि कोण बनवू शकेल असं विचारलेलं असतं, रविवारी सकाळी चहा घेऊन तासभर ते चाळा, तुमच्या मशीनवर बसेल असं काहीतरी सापडतंच. मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योजकांच्या संस्थेत संरक्षणविषयक बैठका होतात तिथे जात जा. आणि पैसे अडकले तर कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा आहे हे पत्रात लिहायला लाजू नका.

जाता जाता, खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने ६ मेगावॉटचं जहाजाचं डिझेल इंजिन देशात विकसित करायचं काम दिलंय, प्रकल्प २७० कोटींचा आणि त्यातला ७० टक्के खर्च सरकार देणार. पाणबुडीचं नाहीये ते, पण समुद्रात चालणाऱ्या मोठ्या इंजिनाचे सुटे भाग कुठल्या तरी वर्कशॉपमध्येच होणार ना. खडकी तुमच्यापासून किती लांब आहे?

प्रश्न : एका स्कॉर्पीनच्या पैशात किती शाळा होतील याचा हिशोब मी वर्गात मुलांकडून करून घेतला आणि आकडा बघून मुलं गप्प झाली. आपल्यासारख्या देशाने यात पैसा घालावा असं तुम्हाला मनापासून वाटतं का? — शिक्षिका, हडपसर

बाई, वाटतं, पण तुमचा हिशोब मी खोडणार नाही, तो मुलांनी केलाच पाहिजे. ६ बोटींचा करार २००५ ला १८,७९८ कोटींचा होता आणि पुढे २३ हजार कोटींच्या वर गेला, उशिराचीही किंमत असते आणि ती शाळांच्याच पैशातून जाते.

माझं म्हणणं एवढंच की अर्धवट करणं सगळ्यात महाग. अर्जेंटिनाने १९७७ मध्ये जर्मनीच्या थिसेनशी ६ पाणबुड्यांचा करार केला. २ एम्डेनला बांधून आल्या, बाकीच्या घरी बांधायच्या म्हणून ब्यूनोस आयर्समध्ये खास यार्ड उभारलं, तिसरीचे हलचे भाग बरेचसे तयारही झाले. मग देशाची तिजोरी रिकामी झाली, काम थांबलं, यार्ड बंद पडलं, आणि घरी बांधलेली एकही बोट समुद्रात गेली नाही. तिथे पैसा गेला आणि बोटीही नाहीत, शाळाही नाहीत. घ्यायचंच तर पूर्ण करायच्या तयारीने घ्यावं, नाहीतर शाळा बांधाव्यात, मधला रस्ता माझ्या मते चुकीचा.

आणि गरज आहे का, तर आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, बहुतेक समुद्रातून, आपला ९५ टक्के व्यापार वजनाच्या हिशोबाने समुद्रातूनच होतो, आणि मुंबई हायचे प्लॅटफॉर्म उघड्या समुद्रात उभे आहेत. हडपसरला गॅसची गाडी येते तिचा रस्ता तिथून सुरू होतो. मुलांना हा दुसरा हिशोबही घाला आणि मग त्यांनाच ठरवू द्या, मला त्यांचं उत्तर वाचायला आवडेल.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, तुमचा लेख वाचून म्हणते मला पाणबुडी बांधायचीये. नौदलात जायची तिची इच्छा नाही, फक्त बांधायची आहे. कुठे शिकता येईल? — एक आई, सिंहगड रोड

ताई, फार आनंद झाला. नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांचं डिझाइन, हा विषय तिला घ्यावा लागेल, तो पुण्यात नाही, आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं विशाखापट्टणम केंद्र इथे आहे. नाही मिळालं तर मेकॅनिकल, मेटलर्जी किंवा इलेक्ट्रिकल घेऊनही याच कामात येता येतं, मेटलर्जी तर मी हट्टाने सुचवेन, वर वेल्डिंगबद्दल लिहिलंय ते वाचून दाखवा तिला.

आणि शेजारीपाजारी कोणाच्या मुलाला-मुलीला इंजिनिअरिंग परवडत नसेल तर त्यांनाही सांगा, माझगाव डॉक दरवर्षी वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन असे अप्रेंटिस घेतं, आठवी, दहावी किंवा आयटीआयनंतर. आपल्याकडे पोरगं वेल्डर झालं म्हणून पेढे वाटत नाहीत. वाटायला हवेत. बोट खाली जाते तेव्हा आतल्या चाळीसेक माणसांचा जीव त्याच्या जोडावर असतो.

प्रश्न : आजोबा, पाणबुडीला खिडकी असते का? आणि एका पाणबुडीचं नाव खांदेरी का आहे? — इयत्ता सहावी, सदाशिव पेठ

खिडकी नसते रे. काच बसवायची तर हलला भोक पाडावं लागेल आणि पाण्याचा दाब आधी तिथेच शिरायला बघेल, शिवाय एवढ्या खोल बाहेर अंधारच असतो, काही दिसणार नाही. म्हणून पाणबुडी कानांनी बघते, तिच्या कानांना सोनार म्हणतात, आणि आतले लोक चमचासुद्धा हळू ठेवतात कारण समोरच्यालाही कान असतात.

खांदेरी हे अलिबागजवळच्या एका छोट्या बेटाचं नाव. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला, ते मुंबईच्या अगदी तोंडावर असल्याने इंग्रजांना नको होतं, त्यांनी बोटी लावून बेटाला वेढा घातला. मायनाक भंडारी नावाचा दर्यावर्दी तिथे होता, त्याच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून दगड, माणसं आणि धान्य घेऊन जायच्या आणि इंग्रजांची मोठी जहाजं त्यांना पकडू शकायची नाहीत. तटबंदी उभी राहिली. नाव दिलेली पाणबुडी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत नौदलात आली, आणि त्याच नावाची एक जुनी पाणबुडी आपण १९६८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत रशियाकडून घेतली होती. सुट्टीत आईबाबांना म्हण अलिबागला न्या, थळच्या किनाऱ्यावरून दोन बेटं दिसतात, जवळचं उंदेरी आणि त्याच्या मागचं लांबचं खांदेरी, त्यावर दीपगृह आहे.